कवडसा की डाग? : मळवलीच्या छापखान्यातली झोक्यावरची बाई

पवन मावळात माझ्या आत्याचे जुने कौलारू घर आहे. माजघरात दिवसाही अंधार असतो, म्हणून छपरात एक काचेचे कौल बसवलेले आहे. दुपारी त्यातून एक कवडसा आत येतो आणि भिंतीवरून हळूहळू सरकत जातो. त्या भिंतीवर राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून निघालेली झोक्यावरची मोहिनी टांगलेली आहे. काही वर्षांपूर्वी मी आत्याशी बोलत बसलो असताना तो कवडसा मोहिनीच्या गालावर आला. आत्याची नजर आता अधू झाली आहे. ती उठली आणि पदराच्या टोकाने फ्रेमची काच पुसू लागली.

"आत्या, ऊन आहे ते," मी म्हणालो.

"ऊन व्हय? मला वाटलं, बाईच्या तोंडावर डाग पडला," ती म्हणाली आणि हसत पुन्हा खाली बसली.

आत्या ते विसरली असेल. मला मात्र त्या वाक्याने सोडले नाही. पानांतून किंवा कौलांतून आलेले ऊन बाईच्या चेहऱ्यावर पडले, तर त्याला कवडसा म्हणायचे की डाग? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये याच प्रश्नावरून चित्रकार आणि टीकाकार हातघाईवर आले होते. आपल्याकडे तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. का विचारला नाही, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. मी चित्रकलेचा रीतसर विद्यार्थी नाही. नोकरी सांभाळून, ग्रंथालयांत बसून आणि रद्दीच्या दुकानांतून जमेल तसे गोळा करून जे शिकलो, त्याच्या बळावरच हे लिहीत आहे.

आधी स्थळाविषयी. लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेली लोकल पहिल्यांदा मळवलीला थांबते. उतरणारे बहुतेक जण कार्ले-भाज्याची लेणी किंवा लोहगड-विसापूर यांच्यासाठी आलेले असतात. पण भारतातल्या लाखो घरांच्या भिंतींवरचे देव या परिसरात छापले गेले, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते. रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत आपला शिळाछापखाना सुरू केला. त्यातून निघालेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते. पुढे मुंबईत प्लेग आला आणि त्या काळात, १८९९ च्या सुमारास, छापखाना मळवलीला हलला. जर्मनीहून यंत्रे आली, तंत्रज्ञ आले. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, कर्जामुळे, रविवर्मा यांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना विकला. त्यानंतरही तो अनेक दशके चालला. दादासाहेब फाळके यांनी सिनेमाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले. धुरंधरांची चित्रेही येथे छापली गेली. १९७२ च्या आगीत छापखान्याचा मोठा भाग जळाला. आत्याच्या मोहिनीखाली छापखान्याच्या नावाबरोबर 'कारला-लोणावळा' ही अक्षरे आजही वाचता येतात.

आता दुसरा झोका. ऑगस्त रन्वार या फ्रेंच चित्रकाराने १८७६ च्या उन्हाळ्यात पॅरिसमधल्या मोंमार्त्र भागात, कोर्तो रस्त्यावरच्या एका जुन्या बागेत एक चित्र रंगवले. त्याचे नाव 'झोका'. उंची ९२ सेंटिमीटर, रुंदी ७३. पांढऱ्या पोशाखातली एक तरुणी झोक्याच्या फळीवर उभी आहे. पोशाखावर गळ्यापासून खालपर्यंत निळ्या फितींची फुले आहेत. तिने दोर धरला आहे आणि मान जराशी वळवली आहे. समोर आपल्याकडे पाठ केलेला एक पुरुष उभा आहे, झाडाच्या खोडाशी दुसरा आहे, आणि डावीकडे एक लहान मुलगी मान वर करून बघते आहे. प्रसंग एवढाच. चित्राचा खरा विषय वरच्या, न दिसणाऱ्या पानांतून गळणारे ऊन हा आहे. पायवाटेवर, पुरुषाच्या पाठीवर, मुलीच्या कपड्यांवर, बाईच्या पांढऱ्या पोशाखावर, सगळीकडे कवडसे सांडलेले आहेत. त्यांच्या मधल्या सावल्या काळ्या किंवा तपकिरी नाहीत. निळ्या आणि जांभळ्या आहेत. तो पांढरा पोशाख नीट पाहिला तर त्यात निव्वळ पांढरा रंग फारच थोडा सापडतो.

दृक्प्रत्ययवादी म्हणून ओळखल्या गेलेल्या चित्रकारांच्या तिसऱ्या प्रदर्शनात, १८७७ मध्ये, हे चित्र मांडले गेले. तेव्हा एका टीकाकाराने लिहिले की, उन्हाचा हा परिणाम इतका विचित्र आहे की माणसांच्या कपड्यांवर तेलकट डाग पडल्यासारखे वाटते. आदल्याच वर्षी रन्वारच्या दुसऱ्या एका चित्रातल्या स्त्रीच्या अंगावरचे हिरवे-जांभळे कवडसे पाहून दुसऱ्या टीकाकाराला सडत चाललेले मांस आठवले होते. म्हणजे पॅरिसच्या जाणकारांनाही आधी डागच दिसला होता. आत्या एकटी नाही.

आता मोहिनीकडे वळू. तीही तरुण आहे, तिचे वस्त्रही पांढरे आहे, तीही झोक्यावर आहे आणि तिच्याही भोवती झाडी आहे. केस मोकळे आहेत, पदर वाऱ्यावर आहे. विष्णूचे हे मोहक रूप पुराणातून उतरून अगदी ओळखीच्या, घरंदाज बाईसारखे झोक्यावर येऊन बसले आहे. चित्राची मोहिनी आजही उतरलेली नाही. चेहऱ्याचा गोलवा, वस्त्राचा झिरझिरीतपणा, झोक्याची गती हे सारे पक्क्या हाताने साधले आहे. रविवर्मा यांना 'कॅलेंडरवाले' म्हणून निकालात काढणाऱ्यांपैकी मी नाही.

पण आता तिच्या अंगावरचे ऊन शोधून पाहा. ते सापडत नाही. प्रकाश आहे, तो समोरून येतो, सारखा पसरतो आणि चेहऱ्यावर स्थिरावतो. भोवतीच्या झाडीतले एकही पान आपली सावली तिच्यावर टाकत नाही. झाडाचा हिरवा रंग तिच्या पांढऱ्या वस्त्रात उतरत नाही. ही बाग काढून त्या जागी राजवाड्याचा सज्जा ठेवला, तर मोहिनीच्या अंगावरचा एकही रंग बदलावा लागणार नाही. रन्वारच्या बाईला बागेतून उचलून दिवाणखान्यात नेता येणार नाही, कारण तिचे अर्धे रंग बागेने दिलेले आहेत. दोन्ही चित्रांत बाई आणि बाग आहे. पण बागेत असलेली बाई एकाच चित्रात आहे. माझ्या मते या तुलनेचे सार हेच आहे.

येथे एक आक्षेप येईल: तैलचित्राची तुलना छापील चित्राशी का करता? त्याला माझे उत्तर असे की, मी पॅरिसला गेलेलो नाही. रन्वारचा झोकाही मी छापील प्रतिकृतीतच पाहिला आहे. शिवाय मराठी घरांनी रविवर्मा पाहिले ते दरबारांच्या संग्रहांतून नव्हे, या छापांतूनच. आपली नजर घडली ती यांवर.

मग हा फरक का पडला? बरीच वर्षे मी सोपे उत्तर धरून बसलो होतो: रविवर्मा यांना पॅरिसमधले नवे काही ठाऊक नव्हते, ते मागे राहिले. रविवर्मा यांचा जन्म १८४८ चा, रन्वारचा १८४१ चा. म्हणजे दोघे एका पिढीचे. त्रावणकोरच्या दरबारी आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराचे काम बघत रविवर्मा तैलरंग शिकले. ते युरोपला कधी गेले नाहीत. हे सगळे खरे आहे. पण या उत्तरात एक खोट आहे. पानांतून पडणारे ऊन बघायला पॅरिसला कशाला जावे लागते? मळवलीला श्रावणात पाच मिनिटे उभे राहिले तरी पुरे. विसापूरवरून ढग सरकतो, भाताच्या खाचरावर ऊन येते आणि जाते, आंब्याखाली उभ्या माणसाच्या सदऱ्यावर कवडसे नाचतात. नागपंचमीला याच मावळात झाडांना झोके बांधले जात, माहेरी आलेल्या लेकी त्यांवर बसत. रन्वारचा विषय छापखान्याच्या दारात उभा होता. शिवाय भाषेची साक्षही पाहा. फटीतून, पानांतून आलेल्या उन्हाच्या तुकड्याला आपल्याकडे 'कवडसा' हा स्वतंत्र, सुंदर शब्द आहे. ज्या लोकांनी एखादी गोष्ट पाहिलीच नाही, ते तिला नाव देत नाहीत. तेव्हा आपल्याला ती दिसत नव्हती, हे खरे नाही. ती चित्रात नको होती.

ती का नको होती याची मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण कामाच्या वाटणीचे. रविवर्मा यांचे धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा हे स्वतः निसर्गचित्रकार होते. थोरल्या भावाच्या अनेक चित्रांची पार्श्वभूमी ते रंगवीत. मोहिनीच्या झाडीत त्यांचा हात किती, हे मी सांगणार नाही. पण या घराण्याची कामाची रीत अशी होती, हे महत्त्वाचे आहे. बाई एकाची आणि बाग दुसऱ्याची असेल, तर बागेने बाईच्या पदरावर हात कसा टाकावा? रन्वारच्या चित्रात पान आणि पोशाख एकाच कुंचल्यातून, एकाच उन्हात उतरतात, म्हणून ते एकमेकांत मिसळतात. येथे दोन्ही आपापल्या जागी सन्मानाने बसतात.

दुसरे कारण दगडाचे. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, मग शाई फिरवायची. ओल्या जागी ती बसत नाही, तेलकट जागी बसते. एक रंग छापून झाला की कागद पुढच्या दगडावर, आणि तो आधीच्या खुणांवर केसभरही न हलता बसला पाहिजे. अशा रंगीत छपाईत चांगल्या चित्राला दहा-बारा, कधी त्याहून अधिक दगड लागत. शेवटी वार्निश, आणि कॅनव्हासचा भास व्हावा म्हणून कागदावर दाबून उठवलेली वीण. कवडशांनी भरलेला पोशाख छापायचा तर निळ्या-जांभळ्याच्या किती छटा, किती दगड, किती खर्च! आणि एखादा दगड जरा सरकला, तर कवडसा खरोखरच डाग दिसणार. आधीच कर्जात असलेल्या छापखान्याने हा जुगार खेळावा, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

पण याच दगडांपाशी मला एक गोष्ट दिसली आणि माझे आधीचे मत कोसळले. आत्याच्या परवानगीने मी मोहिनी फ्रेममधून काढली आणि भिंगाखाली धरली. दुरून सलग, मऊ वाटणारा तिचा गाल भिंगाखाली फुटला. तिथे गुलाबी ठिपके होते, पिवळसर ठिपके होते आणि सावलीच्या बाजूला चक्क निळसर ठिपके होते. एकाशेजारी एक, हाताने दगडावर टिंबलेले, हजारो. ते भिंगाखाली वेगळे राहतात आणि हातभर अंतरावरून एक होतात. वेगवेगळे रंग शेजारी ठेवायचे आणि त्यांची मिसळण पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायची, ही दृक्प्रत्ययवाद्यांची आणि त्यांच्यामागून आलेल्यांची मोठी युक्ती म्हणून आपण पुस्तकांत वाचतो. ती युक्ती मळवलीच्या कारागिरांच्या बोटांत रोजच्या कामाची म्हणून होती. ज्यांची नावे चित्राखाली कधी छापली गेली नाहीत, त्या माणसांना गालातला निळा ठाऊक होता.

फरक हेतूचा आहे. रन्वारने कुंचल्याचा फटकारा उघडा ठेवला, कारण बघण्याची क्रियाच त्याला दाखवायची होती. मळवलीच्या कारागिराने ठिपका लपवला, कारण त्याला मोहिनी दाखवायची होती. एकाने डोळ्याला काम दिले, दुसऱ्याने डोळ्याला दर्शन दिले. म्हणून मागासलेपणाचा आरोप मी मागे घेतो. ज्ञान होते; ते वेगळ्या कामाला लावले गेले.

येथून तिसरे कारण उलगडते, आणि माझ्या मते ते सर्वांत खोल आहे. या छापखान्याचा मुख्य माल देवादिकांचा होता. लक्ष्मी, सरस्वती, राम, दत्त. लोकांनी ही चित्रे देवघरात ठेवली, त्यांना हळदकुंकू वाहिले, घरातल्या बायकांनी त्यांवर जर-टिकल्याही चिकटवल्या. दर्शनाला चेहरा लख्ख लागतो. गाभाऱ्यात आपण निरांजन तोंडाजवळ नेतो, ते मूर्तीचा चेहरा पूर्ण दिसावा म्हणून. लक्ष्मीच्या अर्ध्या गालावर हिरवी सावली घेऊन कोण पूजा करील? देवीसाठी ठरलेला हा उजेड मग देवी नसलेल्या, किंवा अर्धवट देवी असलेल्या, बायकांच्या चित्रांवरही तसाच पडला.

आणि 'डाग' हा शब्द आपल्याकडे फक्त कापडाचा नाही. अब्रूला डाग, चारित्र्याला डाग, कपाळीचा डाग. हे सगळे शब्द बाईकडे बोट दाखवून वापरलेले आहेत. भिंतीवरच्या बाईने निष्कलंक असावे ही मागणी रंगाची तशीच रीतीचीही होती. शकुंतला पालथी पडून पत्र लिहिते, हे भगिनी निवेदितांना रुचले नाही आणि त्यांनी तसे लिहिले. ही टीका बाईने कसे पडावे याविषयी होती. तिच्या अंगावर ऊन कसे पडावे, याविषयी आपल्या वादांत कुठे अवाक्षर मला आढळलेले नाही. बाईच्या वागण्यावर इतके बोलणे झाले की तिच्यावर पडणाऱ्या उजेडाकडे लक्ष द्यायला कुणाला सवडच झाली नाही.

यात आपले काय गेले? हा प्रश्न मला टाळायचा नाही. नागपंचमीच्या झोक्यावरची मावळातली बाई, भात लावणीतून दोन दिवस सुटून माहेरी आलेली, सावळ्या अंगावर कवडसे घेऊन झुलणारी, ती कुणी छापली नाही. तिच्या घराच्या भिंतीवर जी बाई होती, ती गोरी, न रापलेली, कसलेही हवामान न लागलेली होती. माझ्या आजीच्या पिढीने, आत्याच्या पिढीने सौंदर्य म्हणून तो सारखा, निर्वात उजेड पाहिला. आपल्या अंगावरचे ऊन त्यांना चित्राचा विषय वाटले नसेल. ते फक्त राबण्याचे ऊन होते. पॅरिसमध्ये रन्वारची झोक्यावरची मुलगी मोंमार्त्रच्या साध्या वस्तीतली होती, आणि तिच्या अंगावरच्या उन्हानेच ती चित्राच्या योग्यतेची ठरली. आमच्याकडे योग्यता आधी ठरली आणि ऊन बाहेर राहिले.

पुढे ऊन चित्रात आले, पण बाईला सोडून आले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या परिसरात राहून बदलत्या वेळांचा उजेड रंगवीत राहिले. त्यांची निसर्गचित्रे पाहताना अनेकांना दृक्प्रत्ययवाद्यांची आठवण झाली आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत आलेल्या वॉल्टर लँगहॅमर यांनी तरुण चित्रकारांना उघड्यावरचे झगझगीत रंग दाखवले. ही चित्रे दालनांत गेली, संग्रहालयांत गेली. माजघरात आली नाहीत. माजघरात मोहिनीच राहिली.

एका योगायोगाची नोंद करून थांबतो. रन्वारचा 'झोका' त्याचा मित्र गुस्ताव कायबॉत याने घेतला होता. कायबॉत १८९४ च्या फेब्रुवारीत वारला आणि त्याने आपला सारा संग्रह फ्रेंच सरकारला देऊ केला. तो स्वीकारावा की नाही यावर तिकडे मोठा वाद झाला आणि अखेरीस काही भागच स्वीकारला गेला. त्यात हा झोका होता. आज तो पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. त्याच वर्षी रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला. त्यांच्या झोक्याला कुणी मृत्युपत्रात लिहिले नाही. तो आगीतून, वाळवीतून आणि मावळच्या पावसातून वाचला असेल तेवढाच उरला आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती. दिवाळीची साफसफाई करताना दरवर्षी कितीतरी जुन्या फ्रेमा भंगारात जातात. काच कामाला येते, कागद फेकला जातो. रद्दीवाल्याकडे मी विचारले की एकच उत्तर मिळते: "डाग पडलेत, कोण घेणार?" आपल्या घरी असे एखादे चित्र असेल, तर ते टाकण्यापूर्वी खालची बारीक अक्षरे वाचा. मग गालापाशी भिंग धरा. तिथले निळे ठिपके आपल्याच मुलखातल्या एखाद्या अनाम कारागिराचे असू शकतील.

आत्याची मोहिनी मी स्वच्छ करून पुन्हा फ्रेममध्ये बसवली. वरच्या कोपऱ्यात ओल लागून पडलेला पिवळा डाग निघाला नाही, मीही फार प्रयत्न केला नाही. चित्र कुठे लावू, असे विचारल्यावर आत्या म्हणाली, "हाय तिथंच ऱ्हाऊ दे. दुपारचं जरा ऊन लागतं तिला." माझ्यातल्या संशोधकाला ठाऊक आहे की उन्हाने छापील रंग उडतात. तेवढ्यापुरते मी आत्याचे ऐकले.